दीपस्तंभ, भाग ३: कॉर्निस जुळली

मंगेशीचा सातमजली दीपस्तंभ डोळ्यांसमोर ठेवून फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करतोय. मापं माझी आहेत, हुबेहूब प्रतिकृती नाही. खोड उभं आहे: दर मजल्याला वेगळा अष्टकोन, वेगळं एक्स्ट्रूड (आकृती ओढून तिला लांबी-उंची देणं). पार्ट वर्कबेंच या फ्रीकॅडमधल्या साधनसंचाच्या एक्स्ट्रूडमध्ये टेपर, म्हणजे बाजूंना उतार, देता येतो. वर निमुळतं व्हायला कोन उणे टाकायचा. ४० मिमी उंचीत बाजू २ मिमी आत घ्यायची तर उणे २.८६ अंश. हे २ मिमी बाजूच्या मध्यावरचे, कोपरा २.१६ मिमी आत येतो. पुढचा अष्टकोन कोपऱ्यांच्या मापाने काढत असाल तर हा फरक धरा.

खरा वेळ गेला तो कॉर्निसमध्ये, म्हणजे भिंतीच्या पुढे आलेल्या आडव्या पट्टीत. उन्हं कलली की पांढऱ्या स्तंभावर प्रत्येक कॉर्निसखाली सावलीची पट्टी उमटते. स्तंभ उंच वाटतो तो तिच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. चौकोनी पट्टी लावली तर ती सावली कोरडी दिसते, गोलाई हवीच.

स्वीपनेही (छेद एका मार्गावरून फिरवून) जमलं असतं, पण एक्स्ट्रूडमध्ये कोपरा आपल्या हातात राहतो. उभ्या स्केचवर छेद काढला: दोन कंस, खालचा फुगीर, वरचा खोलगट, सांध्यावर स्पर्शिका एकच. कर्व्ह उघडाच ठेवला, सॉलिड (भरीव आकार) या पर्यायावरची टिक काढून टाकली आणि सिमेट्रिक लावून ३० मिमी ओढला. नुसता सरफेस, म्हणजे जाडी नसलेला पृष्ठभाग, मिळाला. या मजल्यावर मध्यापासून बाजूपर्यंत ३० मिमी, कॉर्निस आणखी ४ पुढे; म्हणजे बाहेरची कड २८.१७ मिमी. ओढलेली लांबी पुरून उरते. मग आसातून दोन्ही कोपऱ्यांकडे जाणाऱ्या दोन उभ्या प्लेननी टोकं छाटली (त्यांच्यातला कोन ४५ अंश) आणि पोलर अ‍ॅरेने आसाभोवती आठ तुकडे फिरवले. कोपरे बिनफटीचे मिळाले.

सॉलिडची घाई करू नका. सरफेस असतानाच मॉडेल फिरवून सावली बघा. स्केचमधल्या कंसाची त्रिज्या थोडी वाढवली की आठही बाजू बदलतात, आणि डोळ्याला काय पटतं ते तिथेच कळतं. माझं पटल्यावर वरखाली अष्टकोनी फेस (सपाट पृष्ठं) लावले, शेप बिल्डरने शेल (सगळी पृष्ठं जोडलेलं कवच) आणि मग सॉलिड केलं. आकार तपासणाऱ्या चेक जॉमेट्रीत दोष निघाला नाही.

आता पणत्यांचे कोनाडे. तिथे कमान खालच्या रेषेने बंद करूनच, सॉलिड म्हणून आत ओढायची. उघड्या कमानीचा सरफेस भिंतीतून कोनाडा कोरून काढत नाही. माथ्याची घुमटी त्यानंतर. कुणी अष्टकोनावर ती बसवली असेल तर खालच्या कडेचा सांधा कसा घेतला ते जरूर लिहा.