मधोमध लाल

“मॅडम, मधे पेशीच नाहीत. मिसळताना माझंच काहीतरी चुकलं असणार.”

आमच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचा आवाज अगदी पडला होता. जिवंत पेशी मिसळून सात दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढवलेली हायड्रोजेलची, म्हणजे पाण्याने भरलेल्या मऊ जेलची, चकती तिने रंगवून, मधोमध कापून मायक्रोस्कोपखाली ठेवली होती. चकती चार मिलिमीटर जाडीची, बटणाएवढी. वरच्या बाजूला लखलखीत हिरवी कड आणि तिच्याखाली पार तळापर्यंत काळोख.

मी मूळची धातुशास्त्राची. ऊती-अभियांत्रिकीच्या या प्रयोगशाळेत येण्याआधी अकरा वर्षं उष्णतोपचाराच्या भट्ट्यांवर काम केलं. आयपीसला डोळा लावला आणि अंगावर काटा आला, कारण ते चित्र माझ्या ओळखीचं होतं. कार्बुरायझिंग केलेल्या गिअरचा दात कापायचा, घासूनपुसून आरशासारखा करायचा आणि नायटल या आम्लाच्या सौम्य द्रावणात बुडवायचा. क्षणात कडेकडेने गडद पट्टा उमटतो. पृष्ठभागावरून आत शिरलेल्या कार्बनची ती खूण. काठ कठीण आणि गाभा चिवट व्हावा म्हणून आम्ही तो पट्टा मुद्दाम घडवायचो. इथे तो कोणालाच नको होता.

आधी रंगाची शंका फेडायला हवी होती. कॅल्सीनचा रंग जिवंत पेशीच्या आत गेल्यावर तिथली विकरं त्याला तोडतात आणि मगच तो हिरवा चमकतो. प्रोपिडियम आयोडाइड फाटक्या पटलातूनच आत शिरतो, म्हणून मेलेली पेशी लाल दिसते. पण दोन्ही रंगांना जेलमधून वाट काढतच जावं लागतं. तिने चकती आधी रंगवली होती आणि नंतर कापली होती. कॅल्सीनसारखा रेणू अर्ध्या तासात जेमतेम मिलिमीटरभर आत जातो. म्हणजे त्या काळोखात पेशी नव्हत्या असं नाही, तिथवर रंगच पोहोचला नव्हता.

“दुसरी चकती आधी काप, मग कापलेल्या बाजूवर रंग घाल,” मी म्हटलं.

तासाभराने काळोखाच्या जागी लाल ठिपक्यांचा सडा दिसला. पेशी होत्या, सगळीकडे सारख्याच मिसळलेल्या होत्या. मिसळण्यात तिची काही चूक नव्हती. वरच्या सुमारे 0.8 मिलिमीटरमधल्या जगल्या आणि खालच्या मेल्या होत्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. आपल्या हाताने वाढवलेल्या पेशी अशा बघणं सोपं नसतं.

खालच्या पेशींना ऑक्सिजन पुरला नसणार हे उघड होतं. मग तिने विचारलं, “अजून आठवडाभर ठेवल्या असत्या तर ऑक्सिजन खालपर्यंत गेला असता का?”

भट्टीवर हाच प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल! 925 अंश सेल्सिअसला चार तासांत साधारण सव्वा मिलिमीटर ‘केस’, म्हणजे कार्बन शिरलेला कठीण थर, मिळते. दुप्पट हवी तर आठ तास पुरत नाहीत, सोळा लागतात. विसरणात, म्हणजे कण आपोआप पसरत जातात तेव्हा, खोली वेळेच्या वर्गमुळाने वाढते. पाण्यात ऑक्सिजनचंही तसंच आहे. दहा मायक्रोमीटर, म्हणजे एका पेशीएवढं अंतर तो सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापतो. एका मिलिमीटरला त्याला चारेक मिनिटं लागतात आणि एका सेंटिमीटरला सात तास. पेशीच्या आतला कारभार म्हणूनच नुसत्या विसरणावर निभावतो. माणसासारख्या मोठ्या देहाला रक्त फिरवावं लागतं.

पण याच हिशेबाने सात दिवसांत ऑक्सिजन चकतीच्या तळाशी कितीतरी वेळा पोहोचायला हवा होता. मी खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि तिथेच अडले. धातूची सवय मला चुकीच्या दिशेने नेत होती. पोलाद कार्बन साठवतं, तो खात नाही. पेशी ऑक्सिजन खातात. विसरणाच्या गणिताचं जे फिकचं समीकरण, त्यात खप दाखवणारी एक राशी वाढवली की सगळं चित्रच बदलतं. वरून येणारा ऑक्सिजन वाटेतच संपतो आणि जिथे संपतो ती रेषा तिथेच थांबते, मग आठवडा जावो की महिना. तिच्याकडे चौदा दिवसांची एक चकती होती. ती कापली, रंगवली, मोजली. हिरवी कड तेवढीच होती, 0.8.

हे समीकरण मी धातुशास्त्राच्या वर्गात शिकले आणि अडोल्फ फिक हा धातुशास्त्रज्ञच असणार असं कितीतरी वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात तो शरीरक्रियाशास्त्रज्ञ. उष्णतेच्या वहनाचा फूरियेचा नियम समोर ठेवून त्याने 1855 मध्ये पाण्यात पसरणाऱ्या मिठासाठी हे गणित मांडलं. घन धातूतलं विसरण धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टेनने शिशात शिरणाऱ्या सोन्यावर मोजून दाखवलं ते 1896 मध्ये. भट्टीवरची आम्ही माणसं इतकी वर्षं एका वैद्यकाच्या माणसाचंच सूत्र वापरत होतो, याचा मला त्या दुपारी मनापासून आनंद झाला.

फळ्यावर आणखी एक गोष्ट निघाली. पेशींना वाढवणाऱ्या पोषक द्रवात, म्हणजे माध्यमात, ग्लुकोज भरपूर होतं, 25 मिलिमोलर. विरघळलेला ऑक्सिजन मात्र जेमतेम 0.2. ग्लुकोजपेक्षा तो तिपटीने चपळ असला तरी शंभरपटीहून जास्त तुटवडा चपळाईने भरून निघत नाही. आणि चकती प्लास्टिकच्या तळाला चिकटून बसलेली, म्हणजे खालून पुरवठा जवळजवळ बंदच. वर माध्यमाचा स्थिर थर, तोही ऑक्सिजनला ओलांडावा लागतो. याकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं आणि मी तर आयुष्यभर हेच काम केलेली!

सूत्र सांगत होतं की पेशींची दाटी चौथाईवर आणली तर जिवंत थर दुप्पट व्हावा. पुढच्या खेपेला तिने मिलिलिटरला एक कोटीऐवजी पंचवीस लाख पेशी घातल्या. चकती दोनच मिलिमीटरची केली, जाळीवर उचलून ठेवली आणि ताटली हलत्या मंचावर डुलत ठेवली. तुलनेसाठी एक जाड चकती जुन्याच पद्धतीने तळावर ठेवली, फक्त पेशी कमी. आठवड्याने तिच्यातला हिरवा थर 1.4 मिलिमीटर भरला. गणित 1.6 म्हणत होतं.

जाळीवरची चकती तिने सगळ्यात शेवटी कापली. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी, अधूनमधून एखादा लाल ठिपका. तिने वही न उघडता आधी मला हाताला धरून आयपीसपाशी ओढलं.

आता जाड चकतीत पोकळ वाहिन्या सोडायच्या आहेत. स्नायूतल्या केशवाहिनीभोवतीच्या ऊतीचा नळकांड्यासारखा विचार करून शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रोगने 1919 मध्ये ऑक्सिजनचा हिशेब मांडला, तोच आम्ही हाताशी घेतला आहे. दोन वाहिन्यांमध्ये अंतर किती ठेवायचं यावर आमचं अजून एकमत नाही. ती अर्धा मिलिमीटर म्हणते, मी एक. दोन्ही साचे कालच ओतले आहेत.