दिव्यांग शिष्यवृत्ती: अर्ज भरण्याआधी खातं तपासा

केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतं. नववी-दहावीला प्री-मॅट्रिक, अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत पोस्ट-मॅट्रिक; दोन्हींना पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर.

कार्ड नसेल तर आजच स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करा. सातारा असो वा सांगली, तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि तिला वेळ लागतो. जत किंवा पाटणहून येणाऱ्या मुलाला हेलपाटा पडू नये म्हणून तपासणीचा वार आधी फोनवर विचारा, जुने रिपोर्ट सोबत न्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, सेतूतून मिळतो.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते बँकेत. खात्याला आधार 'लिंक' असणं पुरेसं नाही; थेट लाभासाठी ते एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) 'सीड' व्हावं लागतं, म्हणजे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची तिथे नोंद लागते. शेवटी ज्या बँकेत सीडिंग केलं, तिथेच रक्कम जाते. घरच्यांनी मध्ये दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे सीडिंग केलं असेल तर पैसे तिकडे जातात आणि मुलगा जुनं पासबुक भरत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर हे पाहता येतं. आधी पाहाच.

आधार, यूडीआयडी आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. अर्ज सबमिट झाला तरी शाळा-कॉलेजच्या पडताळणीशिवाय तो पुढे सरकत नाही. प्रिंट आणि कागद घेऊन तिथल्या स्कॉलरशिप विभागात जा. त्रुटीसाठी परत आला तर मुदतीतच दुरुस्त करावा लागतो, म्हणून पोर्टलवरची स्थिती दर आठवड्याला बघा.