४९ वर्षांची नऊ झाडं

तोडायच्या यादीत ६१ झाडं होती आणि एकही पन्नास वर्षांचं नव्हतं. ४९ वर्षांची मात्र नऊ. मी बॉटनी शिकवते, गणित नाही, पण नऊ झाडं एकाच साली उगवली आणि नऊच्या नऊ पन्नाशीच्या उंबऱ्यावर येऊन थांबली हे बघून मला आधी हसूच आलं, मग राग आला.

थोडं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला यातलं काही माहीत नसतं, मलाही नव्हतं. मी आमच्या शहराच्या वृक्ष प्राधिकरणावर तज्ज्ञ सदस्य आहे. शहराचं नाव घेत नाही, आपल्याकडचं कुठलंही मध्यम शहर डोळ्यासमोर आणा. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली हे प्राधिकरण असतं, आयुक्त अध्यक्ष आणि आमच्यासारखे काही बाहेरचे लोक. लोकांना वाटतं आम्ही झाडं वाचवतो. प्रत्यक्षात टेबलावर येतात ते तोडायचे अर्ज. सगळ्या अर्जांत झाड 'धोकादायक' असतं. जागेवर जाऊन बघावं तर धोका कसला, पानं गटारीत पडतात, नाहीतर दुकानाचा बोर्ड झाकला जातो, एकदा तर एका गृहस्थांनी कोकिळेमुळे झोप होत नाही असं लेखी दिलं होतं.

तर वयाचं. २०२१ साली कायद्यात बदल झाला. पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड म्हणजे हेरिटेज, आणि जे झाड तोडाल त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे चाळीस वर्षांचा कडुलिंब पाडलात तर चाळीस रोपं, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. कागदावर कल्पना फार चांगली आहे. पण झाडाचं वय ठरवणार कोण, तर ज्याला झाड तोडायचंय त्याचाच कन्सल्टंट! मग दुसरं काय होणार.

ही यादी रस्ता रुंदीकरणाची, आणि तिच्यात तिसऱ्या नंबरला चौकातला वड. घेर ४.६ मीटर, वय ४९.

२०२३ चा जुलै, पाऊस भुरभुरत होता. पाहणीला मी, उद्यान विभागाचे एक साहेब जे गाडीतून उतरलेच नाहीत, रस्ते विभागाचा एक तरुण ज्युनिअर इंजिनिअर, आणि पर्यावरण ग्रुपची चार-पाच मुलंमुली बॅनरसकट. वडावर हरकतींची नोटीस लावलेली, खिळा ठोकून. झाडाला खिळे मारू नका हे आम्हीच दुकानदारांना सांगत फिरतो.

घेर मोजायचा असतो छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, साडेचार फूट. साग-निलगिरीला ठीक आहे, टेप फिरवला की झालं. वडाला टेप फिरवून बघा. पहिली अडचण म्हणजे वटपौर्णिमा होऊन महिनाच झालेला, सुताचे फेरे नेमके छातीच्याच उंचीला, भिजून खोडाला चिकटलेले. ते तोडायचे म्हटलं तर पारावर बसलेल्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी मुकाट्याने एकेक पदर वर सरकवून खालून टेप घातला. दुसरी अडचण खरी आहे. पारंब्या जमिनीत उतरतात, जाड होतात आणि मूळ खोडाला मिठी मारून त्याच्यात मिसळून जातात, मग बाहेरून दिसतं एकच खोड पण आत सात-आठ असतात. मग तुम्ही मोजताय ते खोड की खोडांची मोळी? हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधला प्रसिद्ध वड आहे ना, त्याचं मूळ खोड बुरशी लागली म्हणून १९२५ साली काढून टाकलं, झाड आजही नुसत्या पारंब्यांवर जिवंत आहे आणि अडीचशे वर्षांचं धरतात. तिथे काय मोजाल?

वर्तुळं मोजा म्हणतात काही लोक. सागाला दिसतात वर्षाची वर्तुळं, चांगली दिसतात. वडाला भरवशाची नसतातच आणि असती तरी बघायला झाड आधी कापावं लागतं.

इंजिनिअरला विचारलं, ४९ कुठून काढलंत? त्याने मोबाइलवर एक्सेल उघडलं. कन्सल्टंटने सगळ्या ६१ झाडांना एकच फॉर्म्युला लावलेला, घेर भागिले अडीच सेंटिमीटर. मला ते बघूनच कळलं हे कुठून आलं. एक इंच घेर म्हणजे एक वर्ष, हा इंग्लंडमधला एक जुना ठोकताळा आहे, मोकळ्यावर वाढलेल्या झाडांसाठीचा. तिथल्या ओकसाठी ठीक असेल. इथे त्याने सुबाभळीचं वय आलं ४६, आणि ती सुबाभूळ ज्या अपार्टमेंटच्या भिंतीतून उगवली होती त्या अपार्टमेंटच्या पाटीवरच २००९ लिहिलं होतं. आणि वड? ४६० भागिले अडीच, १८४. म्हणजे फॉर्म्युल्यानेच वड १८४ वर्षांचा येत होता, पण त्या खान्यात फॉर्म्युला नव्हता, आकडा हाताने टाइप केलेला. उरलेल्या आठ ४९ चंही तेच.

मी त्याला सगळ्यांसमोर झापला. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, म्हणलं इंजिनिअरिंगला भागाकार शिकवतात की नाही? मुलं हसली, तो काही बोलला नाही, टेप गुंडाळत बसला.

पण १८४ ही सुद्धा थापच होती. घेर पारंब्यांनी फुगलेला. माझा प्रामाणिक अंदाज म्हणाल तर चाळीस ते ऐंशीच्या मधे काहीतरी, आणि असा अंदाज मीटिंगमधे ठेवला की लोक कीव आल्यासारखे बघतात. ग्रुपमधला एक मुलगा तोवर हिशोब करून मोकळा. बंगालमधल्या रेल्वे पुलांच्या केसमधे सुप्रीम कोर्टाच्या समितीने झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती, तो म्हणाला मॅडम ५१ धरलं तर सदतीस लाख नव्व्याण्णव हजार पाचशे! त्याला ५१ कुणी सांगितलं होतं देव जाणे. सांगली जिल्ह्यातल्या भोसेचा वड २०२० मधे हायवेतून वाचला तसाच हा वाचवायचा, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. चांगली मुलं आहेत, पण त्यांना बॉटनी नको होती, सही हवी होती.

मग मी जे नेहमी करते ते केलं, पारावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे गेले. ती एक आजी, वडाच्या बुंध्याशी फुलं आणि सीझनप्रमाणे काय काय विकायला बसते, करवंदं, भोकरं, आवळे. विचारलं, आजी हा वड कधीचा?

"दुष्काळातला हाय. सुकडी खाल्ली त्या सालचा."

मला एकदम काटा आला अंगावर. सुकडी म्हणजे ७२! त्या दुष्काळात वाटलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी, आमच्या आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. आजी सांगत होती, ती आणि मालक दोघं याच रस्त्यावर खडी फोडायला होती, मुकादमाने पलीकडच्या ओढ्यावरच्या जुन्या वडाच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडून आणल्या आणि रस्त्याकडेने खुंट रोवले, कामावरच्या बायका उरलेलं पाणी ओतायच्या, बाकीचे वाळले, हा एक जगला. हे अगदी बरोबर आहे, रस्त्याकडेचे वड लावायची जुनी पद्धत हीच, बी नाही लावत, जाड फांदीच रोवतात. (इथे माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळला की ती फांदी तर आधीच म्हाताऱ्या झाडाची, मग वय कुठून मोजायचं? पण तो किडा तिथेच ठेवला.)

७२ ते २३, एक्कावन्न. मी वहीत लिहिलं. मुलांनी आजीचा व्हिडिओ काढला आणि व्हिडिओ संपल्यावर आजी सहज म्हणाली, "तवा थोरली पोटात व्हती माझ्या."

थोरली तिथेच होती, शेजारी गजरे करत. मी विचारलं, ताई तुमचं साल कुठलं? ती म्हणाली दाखल्यावर १ जून ७६ आहे.

७६ म्हणजे झाड फार तर ४७.

मुलं तेव्हा पलीकडे बॅनरबरोबर फोटो काढत होती. तिथे मी, आजी, थोरली आणि टेप हातात धरलेला तो इंजिनिअर. आता १ जून म्हणजे काय हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराची उंची बघून साल टाकायचे आणि तारीख १ जून, माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून, त्यांच्या अर्ध्या वर्गाचा १ जून. तेव्हा थोरली ७२-७३ ची असू शकते, उशिरा शाळेत घातली तर साल पुढे ढकलतातच. किंवा आजीच्या डोक्यात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या असतील. किंवा दाखला खरा आणि सुकडी नंतरची. मी आजीला परत विचारलं नाही. का नाही विचारलं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतेय.

रिपोर्टमधे लिहिलं, 'स्थानिक वयोवृद्ध रहिवाशांच्या माहितीनुसार व लागवडीच्या पद्धतीवरून वृक्षाचे वय ५० वर्षांपेक्षा अधिक'. थोरलीचा उल्लेख नाही. अनेकवचन पण बघा, रहिवाशांच्या. आजी एकच होती.

मीटिंग वीस मिनिटांत संपली. हेरिटेज म्हटल्यावर कुणालाच ते लफडं नको होतं, तीनशे मीटरच्या पट्ट्यात रुंदीकरण पलीकडच्या बाजूला सरकवायचं ठरलं. वड आणि अलीकडची सात झाडं सुटली. मुलांनी पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

बाहेर पार्किंगमधे तो इंजिनिअर आला. म्हणलं हा आता काढणार विषय. म्हणाला, "मॅडम, थोरलीचं मी पण ऐकलं होतं." मी काही बोलले नाही. तो म्हणाला, "मी नाही बोललो कुणाला. मलापण तो वड आवडतो, कॉलेजला असताना तिथूनच बस पकडायचो. ते ४९ मला वरून टाकायला सांगितलेले." आणि हेल्मेट घालून गेला. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला भागाकार विचारला होता. सॉरी म्हणायला हवं होतं, नाही म्हटलं, नंतर त्याची बदली झाली.

पलीकडच्या बाजूला सरकवलं म्हणजे पलीकडची झाडं आली. अकरा. सुधारित यादी माझ्याकडे आली तेव्हा परीक्षांचे पेपर तपासायचे होते, मी एका दुपारी एकटीच जाऊन आले. पेल्टोफोरम, गुलमोहर, दोन रेनट्री, नेहमीचंच, आणि एक भोकर. वयं मीच घातली, घेर आणि अंदाज. भोकर २२. कुणाची हरकत आली नाही, बॅनर नाही, रेनट्रीसाठी कोण येतं. मी सही केली. अकरांच्या वयांची बेरीज २१४.

२१४ रोपं शहराबाहेरच्या गायरानाच्या कडेला लावली, तीसुद्धा सांगते कारण माझा जीव जळतो. सहा फुटाचं रोप हवं म्हणून नर्सरीवाला वर्षानुवर्षं छोट्याच पिशवीत वाढवलेलं रोप देतो, वर शेंडा सहा फूट आणि खाली मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी. लावताना ती कापून सोडवावी लागतात, नाहीतर ती तशीच गोल फिरत जाड होतात आणि झाड स्वतःच्याच मुळांनी गळा आवळून घेतं, किंवा पाच-सहा वर्षांनी एका वाऱ्यात आडवं होतं. मी ठेकेदाराच्या माणसांना ब्लेडने चार उभे काप देऊन दाखवले, त्यांनी माझ्यासमोर दहा रोपांना दिले. बाकी दोनशे चार? जिओटॅगचे फोटो २१४ आहेत, फोटोत पिशवीच्या आतलं दिसत नाही. दोन फुटाचं चांगल्या मुळांचं रोप तीन वर्षांत त्यांच्या पुढे जाईल हे मी तीनदा लेखी दिलंय, उत्तर येतं की नियमात सहा फूट आहे.

गेल्या उन्हाळ्यात चौकात गेले होते. वड मस्त आहे, नवीन पारंब्यांची टोकं अगदी पिवळीधमक, पार पण नवीन बांधलाय, कुणाच्या तरी नावाची पाटी लावून. आजी तिथेच. ओळखलं तिने, टोपलीत आवळे होते. मी विचारलं भोकरं नाही आणली का, लोणचं घालायचंय.

म्हणाली, "समोरचं झाड तोडलं की बाई तुमच्या लोकांनी. थोरलीच्या लग्नाच्या आधीपासनं काढत व्हते त्याची."

थोरलीला नातू आहे आता. मी बावीस लिहिलं होतं.

मी काहीतरी म्हणाले, वडासाठी करावं लागलं, वड जुना होता वगैरे. आजीने आवळे तोलले, वर दोन टाकले, आणि म्हणाली, "व्हय, पर वडाचं कुणी लोणचं घालतंय का?"