वजनात कमी भरलेल्या शाली

मुंबईकराच्या आयुष्यात शाल येते ती सत्कारातून. श्रीफळाबरोबर खांद्यावर पडते, फोटो निघतो आणि घडी न मोडता ती पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाते. अंगावर घ्यावी अशी थंडी इथे पडते कधी? त्यामुळे सहारच्या एअर कार्गोत निर्यातीच्या शेडवर माझी पोस्टिंग होती तेव्हा शालींतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. वजनातलं मात्र कळायचं. कस्टमच्या माणसाला बाकी काही नाही आलं तरी काटा वाचता यावा लागतो.

लग्नसराईच्या तोंडावर एक शिपिंग बिल, म्हणजे निर्यातदाराने भरलेला निर्यातीचा कागद, तपासणीला आलं. लोकरी शाली, चाळीस नग, दोन खोके, रवानगी दुबई. किंमत अगदी बेताची लावलेली. खोके फोडले. वरच्या थरात अमृतसरी मालासारख्या जाड, भरतकामाच्या शाली. खालच्या थरात हात घातला आणि एक शाल उचलली, तर उचलल्यासारखं वाटेचना. शेडमध्ये नमुन्यांसाठी छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. वरची शाल ठेवली, तीनशे ग्रॅमच्या पुढे. खालची ठेवली, एकशे दहा. लांबीरुंदी जवळपास तेवढीच. पुन्हा ठेवली. तेच.

क्लिअरिंग एजंटाचा पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता. "साहेब, काही लोचा आहे का?"

"ते तुझ्या पार्टीला विचार," म्हटलं आणि हलक्या शाली वेगळ्या काढायला लावल्या. अकरा निघाल्या. रंग मातकट, बदामी. नक्षी नाही, किनार नाही, लेबल मात्र ताज्या दोऱ्याने शिवलेलं: वूल. भारी माल साधा दिसावा म्हणून कुणीतरी बरीच मेहनत घेतली होती.

वरिष्ठांना कळवलं. त्यांनी बेलापूरला फोन लावला, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोच्या पश्चिम विभागाच्या कार्यालयात. तिथून एक निरीक्षक बाई निघाल्या आणि वाशीच्या पुलावर अडकून जेवणाच्या सुट्टीनंतर पोचल्या. साताऱ्याकडच्या असाव्यात, बोलण्यात तो ठसका होता. एजंटाच्या पोराला तेवढ्यात हुशारी सुचली. बोटातली अंगठी काढून तो म्हणाला, "मॅडम, यातून ओढून बघा, असली माल पार होतो."

"चांगला पश्मिनाही होतो," बाई म्हणाल्या. "ती दुकानदाराची जादू आहे. कोर्टात चालत नाही."

त्यांनी टेबलावर काळा कागद पसरला, त्यावर शाल ठेवली आणि भिंग घेऊन वाकल्या. बराच वेळ नुसतंच बघत होत्या. मग चिमट्याने एक केस उपटला, जेमतेम नखाएवढा. लोकर कातण्याआधी राठ केस वेचून काढतात, पण कितीही वेचले तरी चार-दोन राहतातच, आणि तेच चोराची ओळख पटवतात. स्लाइड केली, बॅगेतला छोटा मायक्रोस्कोप लावला आणि मला म्हणाल्या, "बघा."

डोळा लावला. आधी धूसर, मग स्पष्ट. तलम तंतूंच्या गुंत्यातून एक जाड, किंचित नागमोडी केस आडवा गेलेला, आणि त्याच्या आत या कडेपासून त्या कडेपर्यंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं. तलम तंतू नऊ ते बारा मायक्रॉनचे, बाई सांगत होत्या, पश्मिना बारा ते सोळा. पण जाडीवर भांडण होऊ शकतं, या घरांवर नाही. पश्मिन्याच्या बकरीच्या राठ केसात अशी रचना नसते. हा चिरू, तिबेटी हरीण. उणे चाळीसच्या थंडीत जगायचं म्हणून केसातसुद्धा हवा कोंडून ठेवणारा प्राणी. त्याच्या लोकरीची शाल म्हणजे शाहतूश.

पंचनामा सुरू झाला. शेडमधले दोन लोडर पंच म्हणून उभे केले. प्रिंटर नेहमीप्रमाणे अडला. त्या वेळात चहा आला आणि बाई बोलायला लागल्या. मी विचारलं होतं एवढंच, की बकरीसारखी ही लोकरही विंचरून का काढत नाहीत?

चिरू पाळता आलेला नाही. तो राहतो तिबेट आणि चीनमधल्या छिंगहाय, शिनज्यांगच्या पठारावर, थोडे आपल्या लडाखमध्ये उतरतात, चांग चेन्मो आणि दौलत बेग ओल्डीकडे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, ही पठारं साडेचार हजारांच्या वर. लोकर मिळवायची तर त्याला मारून, सोलून. एका जनावरामागे सव्वाशे-दीडशे ग्रॅम कच्ची लोकर, एका शालीला तीन ते पाच जनावरं. मी मनात गुणाकार केला. आमच्या टेबलावर तेहतीस ते पंचावन्न चिरू घडी घालून ठेवले होते.

व्यापारी कित्येक वर्षं सांगत आले की जनावर झुडपाला अंग घासतं आणि गुराखी ती लोकर वेचतात. जॉर्ज शॅलर हा प्राणिशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात त्या पठारावर गेला आणि त्याला सोललेली कातडी दिसली. या लोकरीच्या बदल्यात इकडून वाघाची हाडं तिबेटात जात, हेही पुढच्या दशकातल्या तपासांत निघालं. म्हणजे एका शालीच्या हिशोबात मध्य भारतातला वाघही आला. १९९४ साली न्यूयॉर्कला कर्करोग इस्पितळाच्या मदतीसाठी भरवलेल्या विक्रीत या शाली खपल्या, पुढे खटला उभा राहिला आणि माल मुंबईहून गेल्याचं निघालं. आपलं गाव कुठे कुठे असतं!

"पण मारतात कोण?" मी विचारलं.

छिंगहाय प्रांतातलं केकेशिली. तिथे १९८०च्या दशकात सोनं सापडतंय म्हणून गरीब जिल्ह्यांतले शेतकरी घरदार गहाण टाकून गेले. सोनं सगळ्यांना थोडंच सापडणार? रिकाम्या हाताने परत जाण्याऐवजी कित्येकांनी बंदुकीवाल्या टोळ्यांत काम धरलं. जून-जुलैत माद्या विण्यासाठी झुओनाई सरोवराकडे हजारोंनी जमतात. रात्री गाडीचे दिवे टाकायचे आणि गोळ्या घालायच्या. सोलणारे वेगळे, त्यांना कातड्यामागे पैसे. सोनम दारग्ये नावाच्या तिबेटी अधिकाऱ्याने तिथे गस्तीपथक उभं केलं. जानेवारी १९९४ मध्ये पकडलेल्या शिकाऱ्यांना घेऊन येताना त्यालाच गोळी लागली. बंदूक रोखल्याच्या पवित्र्यात गोठलेला सापडला, असं सांगतात.

प्रिंटर चालू झाला. बाईंनी चहा संपवून सह्या केल्या. मला मात्र ते घरदार गहाण टाकून गेलेले शेतकरी डोक्यातून जाईनात. माझ्या नोकरीत खवले मांजराच्या खवल्यांची प्रकरणं ऐकली होती. कोकणातला पकडलेला माणूस नेहमी असाच, हातात थोडके पैसे आणि समोर कलमांची जंत्री.

संध्याकाळी वरिष्ठांकडून झडतीची परवानगी घेऊन आम्ही बिलावरच्या पत्त्यावर गेलो. मस्जिद बंदरजवळ एक जुनी इमारत, खाली पेढी, वर पोटमाळा. पेढीवर मालक नव्हते. मॅनेजर होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. मॅनेजरांना कधीच काही माहीत नसतं. पोटमाळ्यावर ट्यूबलाइटखाली एक म्हातारा रफूगार बसलेला, मूळचा नजीबाबादचा. मांडीवर तसलीच एक शाल. कसरीने पाडलेल्या भोकावर तो काम करत होता. बाहेरचा दोरा वापरत नव्हता; त्याच शालीच्या काठातून एकेक तंतू सोडवायचा, सुईत घ्यायचा आणि भोकाच्या कडेला उभा-आडवा विणत न्यायचा. अर्धं भोक बुजलं होतं. कुठे बुजलंय ते मला बोट लावूनही सापडेना. आम्ही चारजण खाकी-सफारीत समोर उभे असतानाही त्याने हातातला तंतू पूर्ण नेला, मग सुई कापडात खोचून ठेवली.

कस्टम कायद्याच्या कलम १०८ खाली त्याचा जबाब घेतला. तो हिंदीत बोलला, मी लिहिलं. लेबलं त्यानेच शिवली होती, नगामागे पैसे मिळाले होते. माल काय आहे हे ठाऊक होतं का? तो हसला. "हाथ डालते ही पता चल जाता है, साहब. चालीस साल से यही हाथ है." माल कोण आणून देतो, कुठल्या पेटीत येतो, हलका माल भारी मालाखाली कोण भरायला सांगतं, हे त्याने सगळं सांगितलं. मालकाचं नाव घेताना आवाज खाली आला, पण घेतलं.

खाली जिन्यात बाईंचं आणि माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, याला आरोपी करा. त्याने जाणूनबुजून लेबल बदललं. चिरू वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला प्राणी आहे, वाघाच्या पंक्तीतला. किमान तीन वर्षं, कमाल सात.

मी म्हटलं, "मॅडम, त्याला नगामागे मिळतात तेवढ्यात तुमची-माझी रिक्षा होणार नाही."

"केकेशिलीत कातडी सोलणारेही गरीबच होते, साहेब. प्रत्येक गरीब हात सोडत गेलात तर शेवटी एक जनावर उरणार नाही. वाचले ते धरपकड झाली म्हणून. शॅलरच्या अंदाजात १९९०च्या दशकात पाऊण लाखाच्या आत होते. २०१६ला आंतरराष्ट्रीय यादीत त्यांचा धोक्याचा दर्जा खाली आणला, ते काय दया दाखवून?"

बोलणं खोडता येण्यासारखं नव्हतं. पण मला दुसरंच दिसत होतं. गस्त पडली, बंदुका गेल्या, अभयारण्यं झाली, तेव्हा पठारावर मारणं थांबत गेलं हे खरंच. इकडे विणणाऱ्यांकडे मात्र बंदीशिवाय काही पोचलं नाही. जम्मू-काश्मीरमध्ये शाहतूशवर पूर्ण बंदी आली २००२ साली. तिथे घराघरांत चरख्यावर सूत कातणाऱ्या बायका पश्मिन्याकडे वळल्या, आणि पश्मिन्याच्या सुताला कित्येक वर्षं गाठीमागे एक रुपया भाव होता. गाठ म्हणजे दहा धागे. शाहतूशला भाव जास्त. मारणारा उचल घेतलेला, कातणारी गाठीवर, रफू करणारा नगावर. परदेशात हजारो डॉलरला जाणाऱ्या त्या शालीत मोठा पैसा एकाच टप्प्यावर राहतो, आणि त्या टप्प्यावरच्या माणसाने लोकरीला हातसुद्धा लावलेला नसतो. त्याला पकडायचं तर कागदावरच. आयात-निर्यात कोड कुणाच्या नावावर, बँकेत डॉलर कुणाच्या खात्यात, आधीची बिलं किती वजनाची. आणि या सगळ्याला जोडणारा जिवंत माणूस एकच होता, पोटमाळ्यावरचा. त्याला आरोपी केलं की तो वकिलाच्या सांगण्यावरून गप्प बसणार.

बाई म्हणाल्या, "तुम्ही त्याला साक्षीदार करताय ते केस म्हणून की कणव म्हणून?"

"दोन्ही असेल. नोटमध्ये केस म्हणून लिहितो."

त्या हसल्या नाहीत. पण त्यांच्या अहवालात त्यांनी त्याच्याविरुद्ध वेगळं काही लिहिलंही नाही. माझ्या टिपणावर वरून मान्यता आली आणि तो साक्षीदार झाला.

मालकाचं सांगायचं तर अटकेची चाहूल लागताच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मुंबईतल्या पैसेवाल्यांची हृदयं यंत्रणेपेक्षा जागरूक असतात. इस्पितळातून निघाले ते जामीन घेऊनच. नमुने सीलबंद करून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे गेले, अहवाल चिरूचाच आला. जुनी शिपिंग बिलं काढली तर तसल्याच नगांची, तसल्याच कमी वजनाची आणखी खेप सापडली, ती आधीच पार झालेली.

कोर्टात बचाव पक्षाने तीच झुडपाची गोष्ट काढली. लोकर गोळा केलेली आहे, जनावर मारलेलं नाही. बाईंची उलटतपासणी मी मागच्या बाकावरून ऐकली. वकिलांनी विचारलं, झुडपावर लोकर अडकूच शकत नाही असं आपण छातीठोकपणे सांगता?

"अडकायला झुडूप पाहिजे," बाई म्हणाल्या. "चांगथांगला, म्हणजे चिरूच्या पठारावर, त्या उंचीवर घोट्याइतकं खुरटं गवत आहे. आणि या केसांची मुळं ओढून काढल्यासारखी आहेत. गळलेले नाहीत, उपटलेले आहेत."

न्यायाधीशांनी ते टिपून घ्यायला लावलं.

रफूगाराची साक्ष त्याच्या पुढच्या तारखेला ठेवली होती. ती पुढे गेली, मग वकील आजारी, मग पुन्हा पुढे. दर वेळी तो नजीबाबादहून गाडीने यायचा, डब्यात जागा मिळेल तशी, आणि साक्षीदाराचा भत्ता हातात पडेपर्यंत कोर्टाच्या कट्ट्यावर बसून राहायचा. भत्त्यात त्याचा एका बाजूचाही खर्च निघत नसावा. तरी एकही तारीख त्याने चुकवली नाही. बाई एकदा त्याच्यासाठी वडापाव घेऊन आलेल्या मी पाहिल्या, पण तो विषय मी काढला नाही.

माझी बदली झाली तेव्हा खटला चालूच होता. निघण्याआधी शेवटच्या तारखेला तो मला बाजूला घेऊन म्हणाला, साहेब, एक अर्ज लिहून द्याल का? काय विचारतोय म्हणून मी कान दिला, तर म्हणाला, कोर्टाला सांगा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तारीख नको. तेव्हाच तर लोक जुन्या शाली काढतात. त्याच चार महिन्यांच्या रफूवर त्याचं वर्ष निघायचं. अर्ज मी लिहून दिला, सही त्याने उर्दूत केली, आणि सरकारी वकिलांनी तो पुढच्या तारखेला दाखल केला. तारीख जानेवारीचीच पडली.