जागा कुठली, ते मात्र कुणी सांगत नाही

सलग अकरा रविवार मी तळ्यावरून हात हलवत परत आलो. बाराव्या रविवारीही मासा लागला नाहीच, पण त्या दिवशी एक माणूस माझ्याशी बोलला.

तोवर माझं सामान बघून कुणालाही वाटावं, हा तळं उपसूनच नेणार. दोन काठ्या, दोन रिळं, कप्प्याकप्प्यांची पेटी, तिच्यात रबरी मासे, चकाकणारे पत्रे आणि सात आकारांचे गळ. (गळांच्या नंबरांनीही मला सुरुवातीला चांगलंच फसवलं. नंबर मोठा तितका गळ लहान, हे उलटं गणित कळेपर्यंत मी सोळा नंबरचा चिमुकला गळ मोठ्या माशासाठी म्हणून लावून बसत होतो.) पलीकडच्या काठावर झाडाखाली तीन-चार म्हातारी मंडळी बसायची. त्यांच्याकडे प्रत्येकी एक काठी, एक डबा आणि बुडाखाली पोतं. तासा-दीड तासाने त्यांच्यातल्या कुणाची ना कुणाची काठी वाकायची. मी धावत जाऊन विचारायचो, "काय लावलंय?"

"कणीक."

"कुठे लागतो?"

"पाण्यात."

पुढे काही नाही. मला वाटायचं, खडूस आहेत. आता वाटतं, माझे प्रश्नच तसे होते.

बाराव्या रविवारी त्यांच्यातले एक काका लांबून वळसा घालून आले आणि माझ्या मागे चार पावलांवर उकिडवे बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऊन तुझ्या पाठीला आहे. सावली कुठे पडलीये बघ." सावली बरोबर माझ्या तरंड्यावर, म्हणजे दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणेवर, पडली होती. "आणि मघापासून पेटी तीनदा आपटलीस."

माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. पाण्यातली थरथर त्याला त्या रेघेने कळते. काठावर जड पाऊल पडलं की ते त्याच्या अंगावरच पडल्यासारखं. दुसरी गोष्ट नजरेची. खालून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीत मावलेलं दिसतं आणि पाण्यालगतच्या गोष्टी त्या खिडकीच्या कडेला चेपून जातात. उभा माणूस चांगला दिसतो, मागे सरून बसलेला जवळजवळ दिसतच नाही. 97 चा आकडा मी नंतर शोधला. काका एवढंच म्हणाले, "बस. आणि दोन हात मागे बस."

उठताना म्हणाले, "पुढच्या वेळी गळ आणू नकोस."

मला ती थट्टा वाटली. नव्हती. पुढच्या रविवारी माझ्या दोरीला नुसतं शिसं बांधलं आणि अख्खी सकाळ मी ते फेकत आणि ओढत बसलो. शिसं पाण्यात पडलं की दोरी हलकीशी ताणून धरायची आणि मोजायचं. एक, दोन, तीन, चार... दोरी सैल पडली की तळ लागला. मग हळूहळू ओढून घ्यायचं. चिखलात शिसं रुततं, ओढताना आधी अडतं आणि मग एकदम सुटतं. वाळूवर गुपचूप सरकतं. खडीवर काठीतून हाताला टकटक लागते. शेवाळात गेलं तर ओढ रबरासारखी येते.

"आता हे बघ," म्हणत काकांनी खिशातून मेणाचा तुकडा काढला आणि शिशाच्या बुडाला अंगठ्याने दाबून लावला. ते टाकलं, तळाला टेकवलं आणि उचलून सरळ वर घेतलं. मेणाला काळा गाळ आणि त्यात एक तांबूस, केसासारखी बारीक अळी चिकटली होती. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची ती अळी. तळ खाणारे मासे तिच्यासाठी चिखल चिवडतात. "म्हणजे इथे जेवण आहे," काका म्हणाले. पाच हात डावीकडे टाकलं तर नुसता पिवळा शाडू. तिथे काही नाही. वरून पाणी दोन्हीकडे सारखंच दिसत होतं.

असं चार रविवार चाललं. माझ्या वहीत तळ्याचा एक वेडावाकडा नकाशा तयार झाला. त्याच्या मधून एक खोलगट पट्टा जात होता. तळं होण्याआधी तिथून वाहणाऱ्या ओढ्याचं जुनं पात्र. मासे फिरतात ते अशा काठाकाठाने, जिथे उथळ संपून खोल सुरू होतं तिथे.

झाडाखालच्या मंडळींत एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही म्हणू लागलो. काका हाताने शिकवत, मास्तर वहीने. त्यांच्या वहीत तारीख, वेळ, वारा, आभाळ, पाण्याचा रंग, खोली, आमिष आणि मासा असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य होतं. "शून्याचीच नोंद महत्त्वाची," ते म्हणत. "लागला ते सगळ्यांच्या लक्षात राहतं."

मास्तरांकडे एक बाटली होती. गळ्याला वजन बांधलेलं, बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर बाटली सोडायची, बुचाला हिसका द्यायचा, बाटली तिथल्या पाण्याने भरते. झटकन वर ओढून तिच्यात तापमापक घालायचा. ऐन उन्हाळ्यातल्या त्या दिवशी आम्ही मोजलं तर वर 29 अंश, दोन मीटरवर 28, साडेतीनवरही 28, आणि पाच मीटरवर एकदम 24.

मास्तरांनी समजावलं ते असं. तापलेलं पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली बसून राहतं. वारा वरचाच थर घुसळतो, खालच्या थरापर्यंत त्याचा जोर पोचत नाही. खाली उजेड नाही म्हणून वनस्पती नाहीत, म्हणजे नवा प्राणवायू तयार होत नाही. उलट वरून पडलेला पालापाचोळा तिथे कुजतो आणि होता तो प्राणवायूही संपवतो. उन्हाळा सरून वरचं पाणी निवलं की दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि मासे पुन्हा खोलात जाऊ शकतात.

हे ऐकून मी गप्प बसलो. मोठा मासा खोल पाण्यात असतो अशा समजुतीने मी अकरा रविवार जीव खाऊन मधोमध फेकत होतो. म्हणजे जिथे माशाला धड श्वासही घेता येत नाही, तिथे मी पंगत मांडून बसलो होतो.

पहाटेचंही तसंच. अंधारात यायचं म्हणजे मासा हमखास, असं मी कुठूनतरी ऐकलं होतं. मोकळ्या पाण्यात ते बरंचसं खरंही आहे. पण शेवाळाने भरलेल्या कोपऱ्यात पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. रात्रभर वनस्पतीही प्राणवायू घेतच असतात, त्यामुळे उजाडायच्या सुमारास तो सर्वात कमी झालेला असतो. तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात. नवख्याला वाटतं, खायला आले. ते श्वासासाठी आलेले असतात. ऊन पाण्यावर येऊन तास-दीड तास झाला की मग ते खाण्याकडे वळतात.

वाऱ्यावरून काका आणि मास्तरांची कायम जुंपायची, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: वारा तोंडावर घेऊन बसायचं. मी नेमका पाठीवर घ्यायचो, फेक लांब जाते म्हणून. वारा वरचं पाणी आणि त्यावर तरंगणारं खाणं समोरच्या काठाकडे लोटत नेतो. म्हणजे मी पाठीवर वारा घेऊन बसलो की सगळं जेवण पलीकडे जाणार. पलीकडे कोण बसलेलं असायचं ते सांगायला नको.

सगळं ऐकलंच पाहिजे असंही नाही. त्यांच्यातले एक जण चंद्राच्या कलांवरून मासा कधी लागेल ते छातीठोकपणे सांगायचे. दीड वर्षाच्या माझ्या नोंदींत मला तसं काही दिसलं नाही. मी वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, "तुझी वही चुकीची आहे." मी वाद घातला नाही. त्याच माणसाने मला काळोखात नुसत्या बोटांच्या स्पर्शाने गाठ मारायला शिकवलं होतं.

गाठीवरून आठवलं. सहाव्या महिन्यात माझ्या गळाला पहिल्यांदा काहीतरी जड लागलं. रीळ किरकिरलं, काठी वाकली, दहा सेकंद मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो, आणि मग दोरी सैल. मी दगडाला, रिळाला, दोरी बनवणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. काकांनी दोरीचं टोक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि मला दाखवलं. टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल गोल वळलेलं होतं. "दगडाने कापलं असतं तर टोक खरबरीत असतं. हे वळलंय. म्हणजे दोरी तुटलीच नाही, गाठ सुटली." मी गाठ कोरडीच आवळली होती. नायलॉन कोरडं आवळलं की घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं. वेढे नीट एकाशेजारी एक बसतही नाहीत. आवळण्याआधी थुंकी लावायची, पाच-सहा वेढे घ्यायचे, सावकाश ओढायचं, आणि मग हाताने जोर लावून बघायचा. तिथे सुटायची तर सुटू दे. त्यानंतर दोरी गेली की मी आधी टोक बघतो.

माशाचं तोंड बघायलाही काकांनीच शिकवलं. एका सकाळी नशिबाने तिघांचे तीन मासे पिशवीत होते. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, खालचा जबडा पुढे. तो वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाखत फिरतो. रोहू दोघांच्या मधला. "तरंडा किती वर बांधायचा हे तोंडच सांगतं," काका म्हणाले. आणि सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प? त्याच्या जबड्यात दातच नसतात, ते घशात असतात. तो आमिष चावत नाही, ओढून घेतो, चाचपतो आणि न आवडलं तर फुंकून टाकतो. म्हणून तरंडा दोनदा थरथरला की घाईने झटका मारायचा नाही. तो एका बाजूला चालू लागला की मग.

मासा हाताळण्याबाबत मात्र दोघेही कडक. मासा सोडून द्यायचा असेल तर आधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. कल्ल्यात बोट घालायचं नाही. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकायचा. फोटो काढायचाच तर जमिनीलगत बसून, म्हणजे निसटला तरी उंचावरून आपटणार नाही. दोरीचा तुकडा काठावर राहिला तर मास्तर शाळेतल्यासारखे ओरडायचे, पक्ष्यांच्या पायात अडकतो म्हणून. शिशावरूनही ते काकांना टोमणे मारत. ब्रिटनमध्ये हंस खड्यांबरोबर शिशाची लहान वजनं गिळून मरत होते, म्हणून 1987 मध्ये तिथे त्या वजनांवर बंदी आली. मास्तर स्वतः लोखंडी नट बांधायचे. काका म्हणायचे, "नटाला बोलता येत नाही, शिसं बोलतं."

एवढं सगळं दिलं, पण जागा कुणी कधी सांगितली नाही. "का" विचारा, तासभर बोलतील. "कुठे" विचारलं की आभाळाकडे बघतील. आणि या देवाणघेवाणीतही एक न बोललेला हिशेब होता. मी काही नोंद घेऊन गेलो, एखादं शून्य का असेना, तर मला बदल्यात काहीतरी मिळायचं. रिकाम्या हाताने विचारलं तर "पाण्यात".

माझी जागा मला सातव्या महिन्यात वहीतून सापडली. ओढ्याच्या जुन्या पात्राला जिथे वळण आहे, तिथे काठाजवळ तीन मीटर खोलीचा एक कट्टा होता. तळ कठीण, बाजूला गाळ, आणि दुपारचा वारा बरोबर तिकडे. कुणी तिथे बसत नसे, कारण वाट काट्यांतून होती. मी दोन दिवस नुसती मूठ-मूठ कणीक टाकली. तिसऱ्या दिवशी तरंडा दोनदा थरथरला. मी हात मांडीखाली दाबून धरला. मग तो सावकाश डावीकडे चालू लागला.

लढत पंधरा-एक मिनिटं चालली असेल. रीळ मी आधीच सैल ठेवलं होतं, दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यालाच ती सुटू लागेल इतकं. तो ओढेल तेव्हा द्यायचं, थांबेल तेव्हा घ्यायचं. सायप्रिनस होता, अंदाजे चार किलोचा, पितळी अंगाचा, ओठांना दोन्हीकडे मिशा. हात ओले केले, गळ काढला, पाण्यात सरळ धरून ठेवला. शेपूट मारून गेला तेव्हा माझ्या तोंडावर पाणी उडालं.

झाडाखाली पोचलो तेव्हा काकांनी माझा चेहरा बघूनच विचारलं, "कुठे?"

"पाण्यात," मी म्हणालो.

मास्तर मोठ्याने हसले. काका हसले नाहीत. त्यांनी माझी काठी ओढून घेतली, शिसं उलटं केलं आणि मेणावर नख फिरवलं. जाडसर वाळू होती आणि गोगलगायीच्या शंखाचा पांढरा चुरा.

"वळणावर," ते म्हणाले. "काट्यांतून गेलास होय?"