राहू दे, राहू दे

दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजच्या ग्रुपवर आमच्या खजिनदाराचा मेसेज : 'कालचे प्रत्येकी ४१३.८३. सवडीने टाका.' पुढे जोडलेले हात. खाली बिलाचा फोटो, आणि बिलावर सांबाराचा डाग.

झोप गेलीच होती, म्हणून बिल वाचत बसलो. पदार्थांचे २३६५. त्यावर अडीच टक्के केंद्राचे, अडीच टक्के राज्याचे. वरचे पंचवीस पैसे हॉटेलवाल्याने सोडले, एकूण २४८३. त्याला सहाने भागलं की येतात ४१३.८३. पण ४१३.८३ ला परत सहाने गुणलं की येतात २४८२.९८. दोन पैसे कुठे गेले? ते आमच्या खजिनदाराने पदरचे घातले असणार, आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे ते त्याच्या लक्षातही असणार. पंचवीस पैशांचं नाणं आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. पन्नास पैशांचं कायद्याने अजून चालतं म्हणतात, भाजीवालीला देऊन बघा. म्हणजे हे ८३ पैसे या देशात कोणी कोणाच्या हातावर ठेवूच शकत नाही. फोन मात्र बिनतक्रार देतो.

गुणाकार करता करता लक्षात आलं, काल टेबलावर आम्ही सात जण होतो.

सातव्याची नोकरी गणपतीच्या आसपास गेली. तो विषय काल कोणी काढला नाही, त्यानेही नाही. मसाला डोसा खात खात तो क्रिकेटवर बोलत होता. खजिनदाराने कोणाला न विचारता सहाने भागलं. संध्याकाळच्या आत सहाही जणांचे पैसे जमा झाले. 'अरे, सातने भाग ना' असं कोणीही लिहिलं नाही. सातवा ग्रुपवर आहेच. त्यानेही मेसेजवर अंगठ्याचा इमोजी टाकला.

त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

मला गंमत वाटते ती त्या 'सवडीने'ची. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा त्यात समोरच्याला थेट मागणी पाठवायची सोय होती. त्याच्या फोनवर आकडा यायचा, त्याने पिन टाकला की विषय संपला. त्यातून फसवणुका फार होऊ लागल्या म्हणून माणसामाणसांतली ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. आता मागायचे तर शब्दांत मागावे लागतात, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. दुसऱ्याचे द्यायचे असले तर आपण उशाशी फोन घेऊन झोपतो. आपले यायचे असले की 'घाई नाही', 'सवडीने', 'जमेल तसं'. आमच्यातल्या एकाने एकदा स्वतःचे पैसे मागताना वर 'सॉरी' लिहिलं होतं.

आमच्या लहानपणी मागायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा देण्यावरून भांडणं व्हायची.

सांगलीला एसटी स्टँडजवळ एक उडपी हॉटेल होतं. तासगावहून आत्या आणि दाजी आले की गणपतीचं दर्शन करून आम्ही तिथे जायचो. इडली, डोसा, मोठ्यांना स्पेशल चहा, आम्हा पोरांना एक लस्सी दोघांत. खाऊन होईतो सगळं गोडीगुलाबीने चालायचं. वेटरने बिलाची चिठ्ठी बशीखाली सरकवली की वडिलांचा आणि दाजींचा चेहरा एकदम बदलायचा. दाजी मुद्दाम बाहेरच्या बाजूला बसलेले असत, कारण भिंतीकडे बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो. वडीलही कच्चे नव्हते. हात धुवायच्या निमित्ताने ते आधीच उठून गल्ल्याच्या वाटेला लागलेले असत.

मग गल्ल्यासमोर झटापट. 'दाजी, तुम्ही हात खिशात घालायचा नाही!' 'अहो पाव्हणं, दर वेळी काय?' मनगटं धरली जायची, नोटा चुरगळायच्या, एकदा दाजींच्या शर्टाचं बटण तुटलं. आत्या आणि आई बाजूला उभ्या राहून बडीशेप खात, जणू ही माणसं आपली नव्हेतच. मला खरंच वाटायचं की आता मारामारी होणार, आणि आत्या आता कधीच येणार नाही.

गल्ल्यावर अण्णा बसायचे. मागे व्यंकटेशाची तसबीर, उदबत्ती, पुढे लोखंडी खिळा, त्यात खोचलेल्या चिठ्ठ्या, आणि बोंडाबोंडांचा तो हिरवा रबरी मॅट. त्यावर टाकलेलं नाणं सपाट बसत नाही, बोटांनी पटकन उचलता येतं. अण्णांच्या नाकासमोर दोन हात, दोन्ही हातांत नोटा. मागे रांग. अण्णा दोघांकडे क्षणभर बघत आणि वडिलांच्या हातातली नोट ओढून घेत. 'जावईचा पैसा आपण गावात नाही घेत, साहेब.' हा जावई आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसे. पण 'दाजी, दाजी' एवढं कानावर पडलं होतं, आणि गल्ल्यावर बसून बसून माणसाचे कान तयार होतातच. निकाल लागला की दाजींना वाईट वाटायचं, पण वरवर. निकालाविरुद्ध दाद नाही, हे दोघांनाही मान्य असे. भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडला यातलं काही कळत नाही. ज्याचा अंगठा आधी लागला त्याचे पैसे तो घेतो, मग तो जावई असो की सासरा.

आता असं सांगितलं की लोक म्हणतात, काय ती माणसं, काय ती दिलदारी! मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पुढे वडिलांच्या खर्चाच्या वह्या हाती लागल्या. दर महिन्याला एक पान, निळी शाई, शेवटी बेरीज आणि बेरजेखाली दोन रेघा. त्यात दूध, रॉकेल, कटिंगवाला, माझी फी आणि मधेच : 'दाजींसह हॉटेल १४.५०'. त्याच्या चार ओळी वर, त्याच अक्षरात : 'तासगाव – बेदाणे दोन किलो, आले.' आले म्हणजे फुकट आले. किंमत लिहिलेली नाही, पण बेदाण्यांचा भाव वडिलांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

म्हणजे गल्ल्यासमोर मनगटं धरणारा माणूस घरी येऊन दोन रेघा मारत होता. दाजींकडेही अशी वही असणार, किंवा आत्याच्या डोक्यात असणार, ती तर कधी हरवत नाही. मला याचं वाईट वाटलं नाही, उलट जरा हायसंच वाटलं. हिशोब तेव्हाही होताच, फक्त तो टेबलावर निघत नव्हता. बेदाणे, गूळ, दिवाळीचं कापड, पोराच्या मुंजीतलं ताट, असा फिरत फिरत तो वर्षानुवर्षं चालायचा आणि कधीच पुरता फिटायचा नाही. लग्नातली आहेराची वही म्हणजे दुसरं काय? मांडवात एक विश्वासाचा माणूस मांडी घालून बसतो आणि नाव, गाव, रक्कम लिहून घेतो. पुढे त्यांच्याकडचं कार्य निघालं की ती वही ट्रंकेतून बाहेर. 'त्यांनी एकावन्न दिले होते, आपण एकशे एक करू.' मधल्या बारा वर्षांची महागाई आई तोंडी धरायची, आणि तिचा अंदाज बँकेच्या व्याजापेक्षा चोख असायचा.

कॉलेजात आलो आणि हे सगळं सुटलं. पुण्यात आम्ही कॉन्ट्री काढायचो. फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत जागा मिळाली की आधी सगळ्यांचे खिसे टेबलावर रिकामे व्हायचे, मग जेवढे जमले तेवढ्यात ऑर्डर. चहा दोनात तीन. ज्याच्याकडे काहीच नाही तो काहीच टाकत नसे आणि सगळ्यात जास्त सांबार तोच मागवत असे, कारण सांबाराचे पैसे पडत नव्हते.

इराण्याकडची पद्धत तर मला फारच आवडायची. तिथला वेटर बिल लिहून द्यायच्या भानगडीत पडत नसे. तुम्ही उठलात की तो जागेवरूनच गल्ल्याकडे आकडा ओरडायचा. तुम्ही किती खाल्लंत हे अख्ख्या हॉटेलाला कळलेलं असायचं. अशा वेळी कोण बुटाची नाडी बांधायला वाकतो, हेही.

माझी भाची म्युनिकला असते. तिकडे वेटर पैसे घ्यायला येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, एकत्र की वेगळं? वेगळं म्हटलं की प्रत्येकाने आपण काय काय घेतलं ते सांगायचं, तो तिथल्या तिथे बेरीज करतो आणि एकेकाचे पैसे घेतो. कोणाला काही वाटत नाही. भाची म्हणते, इतकं सोपं आहे, मामा, तुम्ही उगाच घोळ घालता. असेल. पण 'मी अर्धी बिअर हिला दिली' हे वेटरला सांगायची वेळ आली तर माझ्या घशाला कोरड पडेल.

माझे स्वतःचे काही नियम आहेत, ते मी कोणाला सांगत नाही. दुसरा कोणी पार्टी देत असेल तर मेन्यूतला सगळ्यात स्वस्त पदार्थ मागवायचा नाही, त्यात त्याचा अपमान होतो. महागातला मागवायचा नाही, त्यात आपला होतो. त्या रकान्यात खालून तिसरा मागवायचा. समान वाटणी असेल तर आधी दुसऱ्यांना सांगू द्यायचं आणि मग त्यांच्या मधोमध राहायचं. चतुर्थीचा उपास असणाऱ्याने फक्त खिचडी आणि ताक घेतलं असेल तर त्याचं वेगळं काढावं, हे मीच मोठ्याने म्हणतो, म्हणजे त्याला म्हणावं लागत नाही. बायको म्हणते, तुम्ही जेवायला जाता की ऑडिटला?

या नियमांची खरी परीक्षा परमिट रूममध्ये होते. दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर राज्याचा व्हॅट, त्यामुळे तिथल्या बिलाची मुळातच फाळणी झालेली असते : इकडे जेवण, तिकडे दारू. मी पीत नाही. पैसे काढायची वेळ आली की सगळे मोठ्या मनाने म्हणतात, 'तू फक्त जेवणाचं दे रे.' पण मसाला पापड, चणा कोळीवाडा, चिकन चिली, दुसऱ्यांदा मागवलेली चिकन चिली, ही सगळी जेवणाच्या बाजूला छापलेली असतात. पिणारा पीत असतो, बोलत असतो, भावुक होत असतो. त्याचं बशीकडे लक्ष नसतं. माझं असतं. दोन तास दुसरं करायचं काय?

तर चकणा पिणाऱ्यांच्या खर्चात धरायचा की खाणाऱ्यांच्या, हा प्रश्न आमच्यात अजून कोणी उपस्थित केलेला नाही. पुढच्या महिन्याची बैठक परमिट रूममध्येच ठरते आहे. मी 'येतो' म्हणून कळवलंय.