क्रूझची केबिन : आधी जागा, मग प्रकार

क्रूझचं बुकिंग करायला बसलं की पहिला प्रश्न समोर येतो, आतली केबिन, खिडकीची की बाल्कनीची? मी दरपत्रक बाजूला ठेवलं आणि आधी जहाजाचा डेक-प्लॅन, म्हणजे मजल्यामजल्यांचा नकाशा, डाउनलोड केला. जास्त पैसे मोजले की प्रकार वरचा मिळतो, पण रात्रीची झोप, बोट लागणं आणि म्हाताऱ्या माणसांची पायपीट या तिन्ही गोष्टी केबिन जहाजावर नेमकी कुठे आहे त्यावर ठरतात. बाल्कनीची केबिन चुकीच्या जागी असेल तर ती साध्या आतल्या केबिनपेक्षा जास्त त्रास देते.

आम्ही 6 जण. आई-बाबा सत्तरीचे, आम्ही दोघं, थोरली 11 वर्षांची आणि धाकटा 5 वर्षांचा. फेरी जानेवारीतली, मुंबई–गोवा–मुंबई, 3 रात्रींची, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर. हे जहाज 1990 साली फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधलेलं आहे, लांबी 211 मीटर. बांधणीचं साल पाहायचं कारण असं, की त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या फार थोड्या असत. इथे इंटिरियर म्हणजे आतली, बिनखिडकीची, ओशन व्ह्यू म्हणजे बंद खिडकीची, आणि बाल्कनी थेट मिनी स्वीटपासून पुढे. याउलट सिंगापूरहून सुटणारं जेंटिंग ड्रीम 2016 सालचं, 335 मीटर लांब. तिथे बहुसंख्य केबिन्स बाल्कनीच्याच. त्यामुळे सिंगापूरची क्रूझ करून आलेले नातेवाईक "बाल्कनीच घे" म्हणतात तेव्हा ते त्यांच्या जहाजापुरतं बरोबर असतं. मुंबईच्या जहाजावर बाल्कनी म्हणजे एकदम दोन पायऱ्या वरचा दर.

आईला गाडी लागते, म्हणून सुरुवात तिथून केली. जहाज लाटांवर सी-सॉसारखं हलतं. नाळेकडचं, म्हणजे पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली जातं, आणि मधल्या भागात हालचाल सर्वांत कमी असते. शिवाय ते डावीकडे-उजवीकडे डोलतं, आणि हे डोलणं जितकं वर जाल तितकं जास्त जाणवतं. म्हणून बोट लागणाऱ्या माणसासाठी लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन घ्यायची. महागडे स्वीट बहुधा वरच्या डेकवर असतात, म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त हलणारी जागा मिळू शकते. जहाजाच्या पोटातून बाहेर येणारे स्टॅबिलायझरचे पंख डोलणं बरंच कमी करतात, पण पुढे-मागे आपटण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. डिसेंबर-जानेवारीत कोकण किनाऱ्यालगत समुद्र बहुतेक शांत असतो. पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस जायचं असेल तर मधली केबिन नसेल त्या तारखा मी सोडून देईन.

नकाशावर एक केबिन आवडली की तिच्या बरोबर वरच्या आणि बरोबर खालच्या डेकचा नकाशा उघडायचा. बुकिंगच्या पानावर फक्त आपला डेक दिसतो, म्हणून हे बहुतेकांकडून राहून जातं. छताच्या वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे कर्मचारी आरामखुर्च्या सरकवायला लागतात आणि तो खरखराट लोखंडातून सरळ खाली येतो. वर जेवणाचा हॉल किंवा भटारखाना असेल तर ट्रॉल्यांची चाकं, खाली डिस्को किंवा थिएटर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलासारखा ठोका. वर केबिन्स, खाली केबिन्स, अशी मधली सँडविच केबिन सगळ्यांत शांत. नकाशावर ज्या पांढऱ्या जागांवर काहीच लिहिलेलं नसतं त्यांच्यापासूनही लांब राहायचं. तिथे बहुधा साफसफाईवाल्यांची खोली किंवा कर्मचाऱ्यांचा जिना असतो आणि दार दिवसभर आपटत राहतं.

अगदी पुढच्या टोकाच्या खालच्या केबिन्स मी त्याच कारणाने गाळल्या. धक्क्याला लागताना नाळेजवळचे थ्रस्टर, म्हणजे जहाज आडवं सरकवणारे पंखे, चालू होतात आणि पहाटे गादीखालून घरघर येते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी तर जहाज धक्क्याला लागतच नाही, समुद्रात नांगर टाकून माणसांना छोट्या बोटींतून नेतात. तिथे नांगराच्या साखळीचा आवाज पुढच्या केबिनला हमखास जागं करतो. मागच्या टोकाला खाली प्रोपेलरची थरथर असते, टेबलावरचा पाण्याचा ग्लास किणकिणत राहतो. ती थरथर काही जणांना अंगाईसारखी वाटते, बाबांना नक्कीच वाटली नसती.

आता लिफ्ट. बाबांचे गुडघे दुखतात आणि 200 मीटर लांबीच्या जहाजात शेवटच्या केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत जाऊन परत येणं म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा चांगलंच चालणं. लिफ्टच्या अगदी समोर नको, कारण तिथे रात्री उशिरापर्यंत माणसं गप्पा मारत उभी असतात. लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून आणि तिथल्या वळणाच्या आड, ही जागा उत्तम. बाथरूमच्या दारात बहुतेक जहाजांवर काही इंचांचा उंबरठा असतो, पाणी खोलीत येऊ नये म्हणून. रात्री अंधारात तो पायाला लागतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, सपाट जमिनीच्या केबिन्स वेगळ्या असतात. त्या मोजक्याच असल्याने तशी गरज असेल तर बुकिंगच्या पहिल्या फोनवरच सांगायला हवं.

खोलीचा आकार आकड्यांत कळत नाही. जुन्या मध्यम आकाराच्या जहाजांत आतली केबिन साधारण 110 ते 130 चौरस फुटांची असते, बाथरूमसकट. मी हॉलमधलं सामान बाजूला सारून फरशीवर खडूने 12 फूट बाय 10 फुटांचा चौकोन आखला. एका कोपऱ्यात बाथरूमसाठी 5 बाय 4 फूट कापले, भिंतीलगत कपाटाची दोन फूट पट्टी ओढली आणि दोन गाद्या टाकल्या. गाद्यांमधून एकच माणूस जाऊ शकत होता. दुसऱ्याला वाट द्यायची तर पहिल्याने गादीवर बसायचं. त्या चौकोनात चौघांची बॅग उघडून पाहिली आणि चार माणसांना एका आतल्या केबिनमध्ये कोंबायचा बेत तिथेच रद्द केला.

हा बेत स्वस्त दिसतो खरा. क्रूझचे दर माणशी असतात आणि ते केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून लावलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाला दर कमी पडतो. एकट्या माणसाला मात्र दुसऱ्याचंही भाडं बरंचसं, कधी पूर्ण, भरावं लागतं. बंदराचं शुल्क प्रत्येकाला वेगळं लागतं आणि केबिन कुठलीही घेतली तरी ते बदलत नाही. म्हणून तुलना करताना जाहिरातीतला दर धरू नये. सहाही जणांचा सगळं धरून होणारा आकडा मागवावा आणि तोच शेजारी शेजारी मांडावा.

तिसरा-चौथा पलंग कसला आहे ते विचारणं फार गरजेचं. बहुतेक वेळा तो भिंतीतून किंवा छतातून खाली उतरणारा असतो, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा, शिडी लावून चढायचा. 6 वर्षांखालच्या मुलाला बहुतेक कंपन्या तिथे झोपू देत नाहीत. शिवाय वरचा पलंग उघडला की खालचे दोन पलंग जोडून डबल करता येतीलच असं नसतं, शिडीला जागा लागते. नकाशावर त्रिकोण, चौकोन, चांदणी अशा खुणा असतात. किती माणसांची केबिन, कुठे वरचे पलंग, कुठे दोन केबिन्समध्ये दार, हे त्यावरून कळतं. प्रत्येक जहाजाच्या खुणा वेगळ्या, म्हणून तळटीप वाचूनच पुढे जायचं. मधलं दार असलेली जोडकेबिन दोन्ही आपल्याच असतील तर उत्तम. शेजारी परके असतील तर त्या दारातून त्यांचा टीव्ही, त्यांचा खोकला, सगळं ऐकू येतं.

आमची विभागणी अशी ठरली. आई-बाबा आणि थोरली एका खिडकीच्या केबिनमध्ये, थोरली वरच्या पलंगावर. आम्ही दोघं आणि धाकटा बरोबर समोरच्या आतल्या केबिनमध्ये. तिथे खालचे दोन पलंग जोडून धाकटा मध्ये, वरचा पलंग बंदच. जहाजाच्या मार्गिकेत एका बाजूला खिडकीच्या आणि दुसऱ्या बाजूला आतल्या केबिन्स असतात, त्यामुळे ही समोरासमोरची जोडी बहुतेक डेकवर सापडते. दोन पावलांवर समुद्र दिसणारी खिडकी, दोन बाथरूम्स, आणि वरचा दर मात्र दोनपैकी एकाच केबिनला. मुलं आणि आजी-आजोबा घेऊन निघालेल्या कुटुंबाला मी हीच मांडणी सुचवते.

खिडकीच्या केबिनबद्दल दोन खबरदाऱ्या. एक, नकाशावर तिच्या बाहेर लाइफबोट टांगलेली तर नाही ना ते पाहायचं. अशा केबिन्स 'अडलेला देखावा' म्हणून थोड्या स्वस्त विकतात. उजेड येतो पण समोर नारिंगी बोटीचं पोट दिसतं. फक्त दिवस-रात्र कळण्यापुरता उजेड हवा असेल तर हा सौदा वाईट नाही. दुसरं, बऱ्याच जहाजांवर सगळ्यांत खालच्या डेकवर मोठ्या खिडकीऐवजी गोल झरोका असतो आणि समुद्र खवळला तर त्यावर आतून लोखंडी झाकण लावून घेतात.

आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसत नाही. दुपारी झोपणाऱ्याला ते सुखाचं, लहान मुलाला भीतीचं. बॅटरीवरचा छोटा रात्रदिवा न्यायचा. अनेक जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर नाळेवरच्या कॅमेऱ्याचं चित्र सतत चालू असतं. आवाज बंद करून ते लावून ठेवलं की सकाळ झाल्याचंही कळतं.

डावी बाजू की उजवी? मुंबईहून दक्षिणेला जाताना कोकणचा किनारा डाव्या हाताला आणि मावळतीचा सूर्य उजव्या हाताला. परतताना उलट. जाऊन-येऊन फेरीत हिशेब सारखाच होतो, म्हणून आम्ही बाजूवर अडून बसलो नाही. एकाच दिशेची फेरी असेल, म्हणजे मुंबईहून कोचीला उतरायचं असेल, तर मात्र सूर्यास्तासाठी उजवी बाजू मागून घ्यावी. केबिनच्या सम-विषम आकड्यांवरून बाजू ओळखू नये, प्रत्येक जहाजाची पद्धत निराळी. नकाशावर नाळ कुठल्या टोकाला आहे ते पाहून ठरवायचं.

मग बाल्कनीचं गणित. 3 रात्रींच्या फेरीत पहिल्या दिवशी चढेपर्यंत दुपार होते, गोव्याचा दिवस बाहेर जातो, शेवटच्या सकाळी लवकर उतरायचं. जेवण, कार्यक्रम, पूल वजा केले तर जागेपणी बाल्कनीत बसायला आमच्या वाट्याला जेमतेम सहा-सात तास आले असते. तेवढ्यासाठी मिनी स्वीटचा फरक सहा जणांसाठी पटला नाही. 7 रात्रींची फेरी असती आणि त्यात दोन-तीन दिवस नुसता समुद्र असता, तर मी आई-बाबांना नक्की बाल्कनी घेतली असती.

बुकिंगच्या वेळी एजंटने "गॅरंटी" दर पुढे केला. त्यात प्रकार ठरलेला असतो, पण केबिनचा नंबर कंपनी नंतर देते. नवराबायको दोघंच असतील आणि कुठेही झोप लागत असेल तर पैसे वाचतात. आम्हाला लिफ्टजवळच्या, मधल्या, समोरासमोरच्या दोन केबिन्स हव्या होत्या, म्हणून नकार दिला आणि दोन्ही नंबर बुकिंगवर घालून घेतले. त्याबरोबर "फुकट अपग्रेड मिळालं तरी केबिन बदलू नये" अशी नोंदही करायला सांगितली. अपग्रेडमध्ये वरचा डेक आणि टोकाची केबिन आली असती तर आईसाठी सगळी मेहनत वाया गेली असती.

पैसे भरण्याआधी पावतीवर केबिनचे नंबर, डेक, पलंग जोडलेले की वेगळे, आणि दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडलेली आहेत का हे तपासलं. जोडलेली नसतील तर जेवणाची वेळ आणि टेबल वेगळं येऊ शकतं. सामानाच्या चिठ्ठीवर नाव पाहून भागत नाही, केबिन नंबर ठळक लिहायचा, कारण बॅगा धक्क्यावर घेतात आणि दारापर्यंत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. औषधं, धाकट्याचे एक जोडी कपडे आणि आईच्या ओव्याची डबी हातातल्या पिशवीत. बॅगा कापडी घ्याव्यात, त्या पलंगाखाली सरकतात. भिंती लोखंडी असल्याने लोहचुंबकाचे हुक चिकटतात. चार हुकांवर ओले टॉवेल आणि टोप्या राहिल्या. एक रंगीत लोहचुंबक दाराला बाहेरून लावलं, कारण त्या लांबलचक मार्गिकेत सगळी दारं सारखीच आणि धाकट्याला अजून आकडे वाचता येत नाहीत.